पेनी, फार्दिंग आणि सिक्सपेन्स : इंग्रजी साहित्यातली चिल्लर कशी वाचावी

शेरलॉक होम्सच्या ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या कथेत लंडनच्या टेम्स नदीला ओहोटी लागल्यावर चिखलात एक कोट सापडतो. त्याचे सगळे खिसे नाण्यांनी ठासून भरलेले असतात आणि लेखक कॉनन डॉयल त्यांचा आकडाही देतो : ४२१ पेनी आणि २७० हाफपेनी. आपण मराठी वाचक हा आकडा वाचून पुढे जातो, कारण या नाण्यांनी मनात काहीच उमटत नाही. पेनी केवढी होती, ती किती जड होती आणि तिच्यात काय यायचे, हे माहीत नसल्यामुळे ‘पुष्कळ चिल्लर’ एवढाच अर्थ आपल्यापर्यंत पोहोचतो. त्या काळच्या इंग्रज वाचकाला मात्र या दोन आकड्यांतून कोटाचे वजन कळत होते, रक्कम कळत होती आणि ती कमावणारा माणूस कोण असेल याचा अंदाजही बांधता येत होता.

हा हिशेब करून पाहण्यासाठी आधी जुनी ब्रिटिश नाणेपद्धत समजून घ्यावी लागेल. फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स होत असत, म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. पेनीच्या खाली हाफपेनी म्हणजे अर्धी पेनी आणि त्याखाली फार्दिंग म्हणजे पाव पेनी होते. पेनीच्या वर तीन पेन्सचे, सहा पेन्सचे, एक शिलिंगचे, दोन शिलिंगचे (त्याला फ्लोरिन म्हणत) आणि अडीच शिलिंगचे अशी नाणी होती. अडीच शिलिंगच्या नाण्याला हाफ क्राउन हे नाव होते, कारण पाच शिलिंगचा एक क्राउन होई. रोमन नावांवरून पौंड, शिलिंग आणि पेनी यांना एल, एस आणि डी ही अक्षरे मिळाली होती. पेनीसाठी ‘पी’ न लिहिता ‘डी’ लिहिण्याचे कारण म्हणजे दिनारियस हे रोमन नाणे.

ही पद्धत आज किचकट वाटते, पण ज्यांच्या घरात रुपये, आणे, पै यांचा हिशेब झालेला आहे त्यांना ती परकी वाटू नये. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली ही नावे जशी दुकानात आपोआप तोंडात येत, तशीच तिकडे ‘बॉब’ म्हणजे शिलिंग आणि ‘टॅनर’ म्हणजे सहा पेन्स ही नावे रुळलेली होती. बाराच्या आणि सोळाच्या पटीत चालणाऱ्या या पद्धतींचा फायदा असा की हातातल्या रकमेचे अर्धे, पाव आणि तिसरा हिस्सा अपूर्णांकात न शिरता काढता येतो. पौंडाचा तिसरा हिस्सा ६ शिलिंग ८ पेन्स असा चोख निघतो. दशमान पद्धतीत शंभराचे तीन सारखे भाग होत नाहीत.

वाचताना अडखळायला लावणारी आणखी एक बारीक गोष्ट अशी की इंग्रजीत पेनीची दोन अनेकवचने आहेत. ‘पेनीज’ म्हटले की पेनीची नाणी आणि ‘पेन्स’ म्हटले की रक्कम. सहा पेनीज म्हणजे तांब्याच्या रंगाची सहा नाणी आणि सिक्सपेन्स म्हणजे चांदीचे एकच छोटे नाणे. किंमत सारखी असली तरी खिशात पडणारे वजन आणि हातात दिसणारा रुबाब यांत पुष्कळ फरक होता.

आता त्या कोटाकडे परत जाऊ. १८६० पासून पेनी काशाची होऊ लागली. तिचे वजन साधारण ९.४ ग्रॅम आणि व्यास जवळजवळ ३१ मिलिमीटर होता. आपले आजचे दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, तेव्हा पेनी त्याहूनही चांगलीच मोठी होती. तिच्या एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असे आणि दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ व ढाल घेऊन बसलेली ब्रिटानिया. कथा छापली गेली त्या काळातल्या पेनीवर ब्रिटानियाच्या एका अंगाला दीपस्तंभ आणि दुसऱ्या अंगाला शिडाचे जहाज कोरलेले होते. हाफपेनीचे वजन ५.६७ ग्रॅम होते. म्हणजे ४२१ पेनी आणि २७० हाफपेनी मिळून सुमारे साडेपाच किलो ओझे होते. कोट भरतीबरोबर वाहून न जाता जागीच का बुडाला, याचे उत्तर या आकड्यातच आहे.

रकमेचा हिशेब याहूनही अर्थपूर्ण आहे. २७० हाफपेनी म्हणजे १३५ पेन्स. त्यात ४२१ मिळवले की ५५६ पेन्स, म्हणजे २ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स होतात. कथेच्या शेवटी उलगडा होतो की हा कोट नेव्हिल सेंट क्लेअर नावाच्या सुशिक्षित गृहस्थाचा आहे. तो पूर्वी वार्ताहर होता आणि त्याला आठवड्याला २ पौंड पगार होता. एका लेखासाठी माहिती मिळवायला म्हणून तो एक दिवस भिकाऱ्याच्या वेषात रस्त्यावर बसला, आणि एका दिवसात २६ शिलिंग ४ पेन्स जमल्याचे पाहून पुढे त्याने तोच धंदा पत्करला. आठवडाभर राबून मिळणारे पैसे आपल्याला तोंड रंगवून एका दिवसात मिळतात, असे तो स्वतः सांगतो. लेखकाने कोटाच्या खिशात घातलेली रक्कम मोजली तर ती या कबुलीशी तंतोतंत जुळते : एका दिवसाची कमाई आठवड्याच्या पगारापेक्षा थोडी जास्तच. शिवाय सगळी नाणी पेनी आणि हाफपेनीच होती, चांदीचे एकही नव्हते. रस्त्यावरचा माणूस भिकाऱ्याला जे नाणे टाकतो तेच नाणे शेकड्यांनी एका कोटात सापडावे, हा खरे तर वाचकाला दिलेला सुगावाच होता. आपल्याला तो दिसत नाही, कारण आपल्या लेखी ती फक्त चिल्लर असते.

म्हणूनच जुन्या इंग्रजी पुस्तकातल्या पेनीचे ‘आजचे रुपये किती’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. महागाईचे कोष्टक लावून मिळणारा आकडा वाचकाला काहीच सांगत नाही. त्या पानावर, त्या माणसाच्या हातात ते नाणे काय विकत घेत होते आणि त्याच्या एकूण मिळकतीचा ते कितवा हिस्सा होते, हे पाहिले की प्रसंग उघडतो.

शेक्सपिअरने हे तंत्र फार आधी वापरले आहे. ‘हेन्री द फोर्थ’ या नाटकाच्या पहिल्या भागात खादाड आणि बढाईखोर फॉल्स्टाफ गुत्त्यात पडद्यामागे घोरत पडलेला असतो आणि राजपुत्र हॅल त्याचे खिसे तपासायला लावतो. खिशात गुत्त्याचे बिल निघते. एक खच्ची केलेला कोंबडा २ शिलिंग २ पेन्स, त्यावरचे सॉस ४ पेन्स, दोन गॅलन सॅक नावाची दारू ५ शिलिंग ८ पेन्स, रात्रीच्या जेवणानंतर अँचोव्ही मासे आणि पुन्हा सॅक २ शिलिंग ६ पेन्स, आणि सगळ्यात शेवटी पाव, अर्धी पेनी. बिलात अर्ध्या पेनीसाठी ‘ओबी’ अशी खूण आहे, ती ओबोलस या जुन्या ग्रीक नाण्याच्या नावावरून आलेली. एवढ्या अफाट दारूबरोबर पाव फक्त अर्ध्या पेनीचा, असे म्हणून राजपुत्र थक्क होतो. हिशेब केला तर पहिल्या दारूचेच ६८ पेन्स होतात, म्हणजे पावाच्या १३६ पट. दहा शिलिंगांहून मोठ्या त्या बिलात भाकरीचा वाटा एक नाणे, आणि तेही अर्धे. फॉल्स्टाफचे चारित्र्य सांगायला शेक्सपिअरला यापलीकडे वर्णनाची गरज पडलेली नाही. हे नाटक पाहणाऱ्यांपैकी पुष्कळजण मधल्या उघड्या आवारात उभे राहून पाहत आणि त्यांचे तिकीट एक पेनी असे, हे लक्षात घेतले की त्यांच्या कानाला ती अर्धी पेनी कशी लागली असेल ते कळते.

डिकन्सकडे आल्यावर मात्र या नाण्यांचा सूर बदलतो. १८२४ साली, चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असताना, त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि त्याला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर कामाला लागावे लागले. तो अनुभव त्याने पुढे ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ या कादंबरीत ओतला. तिथला छोटा डेव्हिड आपली मजुरी सहा शिलिंग होती की सात हे आता नक्की आठवत नाही म्हणतो, पण खाण्यावर गेलेली प्रत्येक पेनी त्याला आठवते. सहा शिलिंग म्हणजे ७२ पेन्स, दिवसाला जेमतेम दहा. सकाळी एका पेनीचा पाव आणि एका पेनीचे दूध. दुपारी काय खायचे याचा निर्णय दोन पुडिंगवाल्यांच्या दुकानांत होई. एका दुकानात बेदाणे घातलेले चांगले पुडिंग मिळे, पण तिथला दोन पेन्सचा तुकडा दुसऱ्या दुकानातल्या साध्या पुडिंगच्या एका पेनीच्या तुकड्यापेक्षा मोठा नसे. चव की पोट, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलापुढे रोज एका पेनीच्या रूपाने उभा राहतो.

याच प्रकरणात एक प्रसंग आहे तो मला साऱ्या कादंबरीतला सर्वांत हळवा वाटतो. डेव्हिड एकदा घरून आणलेला पाव कागदात गुंडाळून, एखादे पुस्तक धरावे तसा काखेत धरून, ड्रुरी लेनजवळच्या एका चांगल्या खाणावळीत शिरतो आणि मांसाची एक लहान बशी मागवतो. असे एकटेच आलेले एवढेसे पोर पाहून वाढपी टक लावून बघत राहतो आणि दुसऱ्या वाढप्यालाही पाहायला बोलावून आणतो. जेवण झाल्यावर डेव्हिड मोठ्या माणसांची रीत पाळून त्या वाढप्याला अर्धी पेनी बक्षिसी देतो, आणि मोठेपणी ही आठवण सांगताना एवढेच म्हणतो की त्याने ती घेतली नसती तर बरे झाले असते. अर्ध्या पेनीचे मोल माहीत नसेल तर हे वाक्य नुसते विनोदी वाटते. ते मोल माहीत असेल तर त्या मुलाचा मान आणि त्याची भूक या दोन्ही गोष्टी त्या एका नाण्यात एकदम दिसतात.

त्याच कादंबरीतला मिकॉबर हा सदा कर्जात बुडालेला गृहस्थ डेव्हिडला संसाराचा मंत्र देतो. वार्षिक उत्पन्न २० पौंड आणि खर्च १९ पौंड १९ शिलिंग ६ पेन्स, तर सुख. उत्पन्न २० पौंड आणि खर्च २० पौंड ६ पेन्स, तर दुःख. दोन्ही बाजूंना सहा-सहा पेन्सचे अंतर, म्हणजे सुख आणि दुःख यांच्यामध्ये मिळून बरोबर एक शिलिंग. आपल्याकडे ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ म्हणतात, पण मिकॉबर ते अंथरूण पेन्समध्ये मोजून दाखवतो. हा उपदेश तो आधीही एकदा थोड्या वेगळ्या आकड्यांत करतो, आणि तो संपताच बिअरसाठी डेव्हिडकडूनच एक शिलिंग उसना घेतो.

काही ठिकाणी नाणे शब्दातच मिसळून गेलेले असते आणि भाषांतरात हटकून निसटते. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ मधल्या कारकुनाचे नाव बॉब क्रॅचिट आहे आणि त्याचा पगार आठवड्याला १५ शिलिंग, म्हणजे बोलीत १५ बॉब. दर शनिवारी त्याच्या खिशात त्याच्याच नावाच्या पंधरा प्रती येऊन पडतात, असे डिकन्स लिहितो. मराठीत ‘पंधरा शिलिंग’ म्हटले की पगार तेवढा कळतो, पण माणूस आणि त्याची किंमत एकच झाल्याची बोच उरत नाही.

दुसरे उदाहरण चित्रातले आहे. ‘ॲलिस इन वंडरलँड’ मधल्या टोपीवाल्याच्या उंच टोपीत एक चिठ्ठी खोचलेली दिसते आणि तिच्यावर १०/६ असे लिहिलेले असते. पुष्कळ मुलांना तो टोपीचा आकार किंवा तारीख वाटते. ती किंमत आहे : दहा शिलिंग सहा पेन्स. तिरक्या रेघेच्या आधी शिलिंग आणि नंतर पेन्स, अशी लिहिण्याची पद्धत होती. ही रक्कम अशी वेडीवाकडी का, याचे कारण गिनी. गिनीचे सोन्याचे नाणे १६६३ ते १८१४ पर्यंतच पाडले गेले, पण २१ शिलिंगांची गिनी हिशेबात पुढेही टिकून राहिली. डॉक्टर, वकील, चित्रकार यांचे मोबदले आणि उंची वस्तूंच्या किमती गिनीत सांगण्याची रीत होती, आणि मजुराची मजुरी मात्र शिलिंगात. तेव्हा कादंबरीत कुणी गिनी हा शब्द उच्चारला की समजावे, बोलणारा आपली पायरी सांगतो आहे. टोपीवाल्याची टोपी बरोबर अर्ध्या गिनीची आहे.

लहान नाण्यामुळे माणसाची लाज कशी उघडी पडते, हे जॉर्ज ऑर्वेलने १९३६ च्या ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ या कादंबरीत दाखवले आहे. नायक गॉर्डन कॉमस्टॉक पुस्तकांच्या दुकानात उभा आहे आणि त्याच्याजवळ एकूण साडेपाच पेन्स आहेत : अडीच पेन्स सुटे आणि तीन पेन्सचे एक चांदीचे नाणे. या नाण्याला ‘जोई’ म्हणत. हे टोपणनाव मुळात जोसेफ ह्यूम नावाच्या खासदारावरून चार पेन्सच्या नाण्याला पडले होते आणि ते नाणे मागे पडल्यावर तीन पेन्सच्या नाण्याला चिकटले. जोई अगदी चिमुकले असे आणि नाताळच्या पुडिंगमध्ये शिजवून घालण्याची चाल असल्यामुळे लोकांच्या मनात ते त्या पुडिंगशीच जोडलेले होते. म्हणून गॉर्डनला ते दुकानात काढून देण्याचा संकोच वाटतो, कारण ते पुढे करणे म्हणजे खिशात दुसरे काहीच उरलेले नाही अशी कबुली देणे. त्याच्याकडचे निम्म्याहून जास्त पैसे अशा रीतीने खर्च न करण्याजोगे ठरतात. किंमत तीन पेन्स असूनही चलन म्हणून शून्य, ही अवस्था ज्याने फाटकी नोट पाकिटात बाळगली आहे त्याला लगेच उमजेल.

फार्दिंग हे या सगळ्यांत धाकटे. त्याच्या नावाचा अर्थच चौथा भाग. मध्ययुगात चांदीच्या पेनीवर क्रूस कोरलेला असे आणि सुटे हवे असले की त्या क्रुसाच्या रेषेवर पेनी कापून तिचे अर्धे किंवा पाव तुकडे करत. पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत, १२७९ च्या सुमारास, गोल फार्दिंग नियमितपणे पाडले जाऊ लागले. सतराव्या शतकातल्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलात पाच चिमण्या दोन फार्दिंगला विकल्या जातात, असे येशू म्हणतो. खरे तर ते रोमन काळातले नाणे, पण भाषांतरकारांनी आपल्या वाचकाच्या ओळखीचे सर्वांत लहान नाणे तिथे ठेवले. मराठी बायबलात त्याच जागी दमडी आली आहे, आणि मला हे भाषांतर फार योग्य वाटते. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ म्हणणाऱ्या भाषेला चिमणीचे मोल सांगायला दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

पेनीचा मात्र असा सोपा मराठी पर्याय नाही, तरी एका काळापुरता तो खरोखर होता. १८९९ मध्ये सरकारने पौंडाचा भाव १५ रुपये कायम केला. म्हणजे एक रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा, अर्थात १६ पेन्सचा झाला. रुपयाचे आणेही सोळाच, म्हणून त्या वर्षांत एक पेनी म्हणजे नेमका एक आणा आणि एक फार्दिंग म्हणजे नेमका एक पैसा असा मेळ बसला होता. त्या काळी शेरलॉक होम्स वाचणाऱ्या मुंबईकराने कोटातल्या ४२१ पेनींचे ४२१ आणे असे रूपांतर केले असते तर ते पैपर्यंत बरोबर निघाले असते. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि हा मेळ मोडला. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा असावा की १ शिलिंग ६ पेन्सचा, यावर मोठे रण माजले. मुंबईच्या गिरणीमालकांचा आग्रह पहिल्या भावासाठी होता आणि १९२७ मध्ये कायदा झाला तो दुसऱ्या भावाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आपला ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध केला तो याच वादांच्या काळात. दोन पेन्सचा फरक म्हणजे रुपयामागे दोन पेन्स, आणि कोट्यवधी रुपयांच्या व्यापारात तो कुणाच्या पदरात पडायचा हा खरा झगडा होता.

१९३७ पासून फार्दिंगवर रेन नावाच्या इवल्याशा पक्ष्याचे चित्र आले. सर्वांत लहान नाण्यावर इंग्लंडमधल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, ही निवड मला अजूनही सुंदर वाटते. १९६० च्या अखेरीस फार्दिंग चलनातून गेले, १९६९ मध्ये जुनी हाफपेनी आणि हाफ क्राउन गेले, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये पौंडाचे १०० नवे पेन्स झाले. भारतात हेच स्थित्यंतर १४ वर्षे आधी, १ एप्रिल १९५७ ला झाले होते. सिक्सपेन्स अडीच नव्या पेन्सच्या किमतीवर १९८० पर्यंत तग धरून राहिले.

ऑर्वेलच्याच ‘१९८४’ या कादंबरीत नायक विन्स्टन एका जुन्या वस्तूंच्या दुकानात जातो. तिथला म्हातारा दुकानदार त्याला लंडनच्या चर्चच्या घंटांवरचे एक विसरले गेलेले बालगीत आठवेल तेवढे म्हणून दाखवतो. त्यात सेंट मार्टिनच्या घंटा ‘तुझ्याकडे माझे तीन फार्दिंग येणे आहे’ असे म्हणतात. फार्दिंग म्हणजे काय हे विन्स्टनला ठाऊक नसणार हे गृहीत धरून, ते तांब्याचे एक लहान नाणे होते, दिसायला साधारण सेंटसारखे, असे म्हातारा समजावतो. ही कादंबरी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा इंग्लंडमध्ये फार्दिंग अजून दुकानात चालत होते आणि त्याच्यावर तो रेन पक्षी होता. पुढे ते बाद व्हायला अकरा वर्षे लागली. आणि प्रत्यक्षातल्या १९८४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनने नव्या पद्धतीचे सर्वांत लहान नाणे, अर्धी पेनी, हेही चलनातून काढून घेतले.